हंबाईची जोडी

आमच्या डाळ मिलमध्ये चाळण्या, मोटारी आणि पॉलिशचं मशीन एकदम सुरू असलं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. पण त्या सगळ्या घरघराटातून एक आवाज माझ्या टाइम ऑफिसच्या खिडकीपर्यंत नेमका पोचायचा. "हं बाई!" कट्टा उचलण्याआधीची ती हाक. डाळीच्या कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, एक टोक तिच्या हातात, दुसरं तिची जोडीदारीण रुखमा हिच्या. "हं" म्हटलं की पकड घट्ट करायची आणि "बाई" म्हटलं की उचलायचं. हजेरीपटावर तिचं नाव वत्सला होतं, पण ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे. हमालापासून मालकापर्यंत सगळ्यांची ती हंबाई होती.

मी त्या मिलमध्ये सव्वीस वर्षं हजेरी लिहिली. गेल्या वर्षी निवृत्त झालो, म्हणून आता हे लिहितो आहे. नोकरीत असताना लिहिलं असतं तर त्याला काही अर्थ होता. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

देवळीच्या रस्त्याला लागून आमची मिल. तुरीची आवक सुरू झाली की आजूबाजूच्या गावांतून बायका ऑटोत दाटीवाटीनं बसून यायच्या. डाळ भरून तोंड शिवलेला तीस किलोचा कट्टा उचलायचा आणि थप्पीवर रचायचा, हे त्यांचं काम. ट्रक भरायला पुरुष हमाल, थप्पी बायकांची. आणि थप्पीचा कट्टा जोडीनंच उचलायचा, एकटीनं नाही, हा तिथला नियम. तो कुठल्या फलकावर लिहिलेला नव्हता. हंबाईनं तो घालून दिला होता आणि जोड्याही तीच लावायची. दोन दणकट बायका एकत्र दिसल्या की त्यांना वेगळं करायची. "दोन दनकट एका जागी कायले पाह्यजे वो? एक दनकट, एक कमजोर, तवाच काम दिवसभर चालते," हे तिचं गणित.

स्वतःसाठी तिनं रुखमाला घेतलं होतं. रुखमाचं डावं मनगट कधीकाळी मोडून वाकडं जुळलं होतं. त्या हातानं ती टोक धरू शकायची, पण अख्खा कट्टा एकटीनं उचलणं तिला या जन्मी शक्य नव्हतं. हंबाईच्या जोडीला होती म्हणून रुखमाला अकरा वर्षं काम मिळालं. हे सगळ्या मिलला माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. एकदा एका नव्या सुपरवायझरनं काढलं. "ही तर नुसती हात लावते," म्हणाला. हंबाईनं त्याला रुखमाच्या जागी उभं केलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोडलं नाही. दुपारी तो माझ्या ऑफिसात दंड चोळत बसला होता. ती खिडकीतून डोकावून म्हणाली, "काय झालं बापा? नुसता हात तं लावला तुमी."

अंगावर पातळ, पातळावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि शर्टावरून कमरेला जुन्या लुगड्याची आठ घड्यांची पट्टी, असा तिचा कामावरचा पोशाख. ओझं उचलणाऱ्याच्या कमरेला आधार लागतो, हे शिकलेल्या लोकांना पुढे कळलं. तिला ते आधीच कळलं होतं, फक्त तिला त्याबद्दल कुणी भाषण करायला बोलावलं नाही. पट्टी बांधूनही कंबर दुखायचीच. एकदा ती सावंगीच्या दवाखान्यात दाखवून आली. काय म्हणाले, मी विचारलं. "वाकू नका म्हने. म्हनलं, डॉक्टरसाहेब, कट्टा खाली राह्यते. थो काही माह्यासाठी उठून उभा नाई होत."

तीन वर्षांपूर्वी तुरीच्या हंगामात कंपनीच्या मोठ्या ऑफिसकडून खोकी आली. आत अंगात घालायची यंत्रं होती. छातीवर एक पट्टी, पाठीमागे स्प्रिंगच्या दोन दांड्या आणि दोन्ही मांड्यांना आवळायचे पट्टे. वाकलं की दांड्या ताणल्या जायच्या आणि उठताना माणसाला वर ढकलायच्या, म्हणजे कमरेवरचा भार कमी. मॅनेजरसाहेब त्याला सपोर्ट सूट म्हणायचे. बायकांनी पाहताक्षणी त्याचं नाव सांगाडा ठेवलं.

खोक्यांबरोबर पुण्याचा एक इंजिनिअर आला. माणूस सज्जन होता. त्यानं स्वतः सांगाडा चढवला, दहा वेळा वाकून कट्टा उचलला आणि दहाही वेळा हसला. त्याच्या अंगात जीन्स होती. मग म्हणाला, "आता ताई लोक." सगळ्या ताई लोक जमिनीकडे पाहू लागल्या. मांड्यांचे पट्टे पातळावरून बांधायचे कसे, हा प्रश्न ते यंत्र बनवणाऱ्या एकाही डोक्यात आला नव्हता. शेतात, वीटभट्टीवर, मिलमध्ये इथल्या बायका पातळ नेसून ओझी उचलतात, हे पाहायला काही दुर्बीण लागत नाही. पण यांना पाय माहीत होते ते पँटमधले.

शेवटी हंबाई पुढे झाली. पातळ गुडघ्यापर्यंत गोळा करून तिनं पट्टे बांधून घेतले. ट्रकवरचे हमाल काम सोडून पाहत होते. एकानं शिट्टी मारली. एरवी तिनं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी तिनं नुसते पट्टे आणखी आवळले, तेव्हा तिला किती लागलं ते मला समजलं. रुखमाबरोबर तिनं दोन कट्टे उचलले आणि इंजिनिअरसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, बांधाले पाच मिनिट, सोडाले पाच मिनिट, न् सोडाले दुसरी बाई लागते. बाथरूमले जायचं असन तं कोनाले हाक मारू? तुमाले?" इंजिनिअर लाल झाला. मॅनेजर हसले.

त्याच संध्याकाळी मॅनेजरनी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा टाकला. प्रत्येक बाईचं मत विचारून लिहायचं होतं. कागदावर रकाने चारच. आरामदायक आहे, थोडं आरामदायक आहे, आरामदायक नाही, सवय नाही. मी एकेकीला विचारलं. त्या मांडीच्या पट्ट्यांचं बोलल्या, बाथरूमचं बोलल्या, छातीवरची पट्टी दाबते म्हणाल्या, मे महिन्यात पत्र्याखाली हे अंगावर घेऊन आम्ही भाजून निघू म्हणाल्या. हंबाईनं आणखी एक सांगितलं. "आमी दोघी मिळून उचलतो, हे लिवजा बाबूजी. हे दोघीचं काम हाय, एकीचं नाई. वरच्याईले मालूम पाह्यजे." मी मान डोलावली. आणि सगळ्या कागदांवर 'सवय नाही' यापुढे खूण करून गठ्ठा परत दिला. मॅनेजर फोनवर वरच्या साहेबांना सांगत होते, "अडाणी बायका आहेत सर. यांना नवीन काही नकोच असतं."

अडाणी! दुसऱ्याच दिवशी ती अडाणी बाई मॅनेजरच्या टेबलासमोर उभी होती, एक सांगाडा सुट्टीच्या दिवशी घरी न्यायला मागत. "ने, पण मोडू नको," तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मॅनेजर म्हणाले. तिनं तो नेला तो रुखमाच्या घरी. रुखमाकडे शिलाई मशीन होतं आणि अर्ध्या गावाची पोलकी ती शिवायची. कट्टा उचलायला जे मनगट चालत नव्हतं, ते सुईखाली कापड सरकवायला उत्तम चालायचं.

सोमवारी सांगाडा परत आला तो ओळखू येत नव्हता. मांड्यांच्या अरुंद पट्ट्यांच्या जागी जुन्या जीन्सचे रुंद पट्टे होते. छातीची पट्टी काढून खांद्यांवरून दोन बंद घेतले होते, शाळेच्या दप्तराला असतात तसे. आणि बकलांच्या जागी सरकगाठ, बैलाच्या दाव्याला मारतात ती. एक टोक ओढलं की मोकळं. हंबाई स्वतः जन्मात पहिल्यांदा सलवार-कुर्ता घालून आली होती. शिट्टी मारणारा हमाल समोरच होता. त्याची आई आमच्याकडेच थप्पीवर होती. "पाहून घे बापा एकडाव पोटभर," हंबाई त्याला म्हणाली, "उद्यापासून तुही माय बी अशीच दिसन." तो दिवसभर ट्रकच्या मागून पुढे आला नाही.

आठ दिवसांनी मी तिला विचारलं, खरंच फरक पडतो का? "पडते ना. कंबर हलकी वाटते. खोटं काऊन बोलू? चीज चांगली हाय बाबूजी. फक्त आमाले न इचारता शिवली होती." मग ती जोड्याजोड्यांमध्ये फिरून बायकांना समजावू लागली. रुखमानं चार-पाच रविवार बसून सगळे सांगाडे बदलून दिले. महिन्याभरात थप्पीवर एकही बाई अशी नव्हती जिनं तो घातला नाही. ज्यांना नवीन काही नको होतं म्हणे, त्यांनी नवीन वस्तू घेतली, तिच्यातल्या चुका सुधारल्या आणि वापरून दाखवली. यासाठी कुणी त्यांना शाबासकी दिली नाही. मॅनेजरनी मात्र वर कळवलं की आपण बायकांची मानसिकता बदलली.

ते ऐकून इंजिनिअर कॅमेरा घेऊन परत आला. रुखमाची शिलाई उलटीसुलटी करून पाहिली आणि मनापासून वाखाणली. मग हंबाईला म्हणाला, "ताई, एकदा एकटीनं उचलून दाखवाल? फक्त व्हिडिओसाठी. दोघींनी उचललं की सूटचा फायदा नीट दिसत नाही." हंबाईनं रुखमाकडे पाहिलं. रुखमाच म्हणाली, "उचल ना वो, पावना म्हनून राह्यला तं." आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याचं मन मोडत नाहीत. शिवाय आपल्या जोडीदारणीची शिलाई कॅमेऱ्यात यावी, असंही तिला वाटलं असणार. ती वाकली. समोरच्या टोकाला कुणी नव्हतं, तरी सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "हं बाई!" सगळी शेड हसली, रुखमा सगळ्यात जास्त. कट्टा वर आला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात वरून आदेश आला. जोडीची पद्धत बंद. एक सूट, एक बाई, एक कट्टा. म्हणजे थप्पीवरच्या अर्ध्या बायका जास्त झाल्या. त्यांना पुढच्या हंगामात बघू म्हणून सांगायचं होतं, आणि यादीत पहिलं नाव रुखमाचं होतं. ते नाव हजेरीपटावरून माझ्या पेनानं मी कापलं. कमरेला आधार म्हणून आणलेल्या वस्तूनं बायकांच्या हातचं काम जावं, आणि तेही त्यांनीच ती वस्तू वापरण्याजोगी करून दिल्यावर, याला काय म्हणायचं? मला शिवी येते, पण छापण्यासारखी नाही.

हंबाई रुखमाला घेऊन ऑफिसात आली. मॅनेजरनी मोबाइल पुढे केला. "तूच उचलून दाखवलास ना? हा बघ व्हिडिओ."

"पावना म्हने म्हून एकडाव उचलला, साहेब. दिवसभर एकडाव एकडाव करत राह्यली तं संध्याकाळी मले उचलाले चौघं लागतीन."

"मग सूट कशाला दिलाय?"

"कमरेवरचं वजन कमी कराले देल्ला ना? जेवढं कमी झालं तेवढं तुमी वापस माह्यावरच ठेवलं. मंग माह्या कमरेले काय भेटलं?" ती जराही ओरडत नव्हती. "साहेब, जू बैलाच्या खांद्यावर ठेवते तवा बी दुसरा बैल बाजूले राह्यते. आमी तं बाया हाओ."

मॅनेजर म्हणाले की हे धोरण वरून ठरलं आहे आणि बायकांचं लेखी मत घेऊनच सगळं झालं आहे. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाबूजी, तुमी लिवलं होतं ना? आमी दोघी उचलतो म्हून?"

मी म्हणालो, "त्याचा रकाना नव्हता."

"मागून तं कोरा होता ना कागद?" ती म्हणाली.

एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. सव्वीस वर्षांत मला साहेबांनी अनेकदा झापलं, त्यातलं एक अक्षर लक्षात नाही. हे वाक्य मात्र रोज आठवतं. कागद मागून कोरा होता. माझ्या हातात पेन होतं. माझं काम लिहिण्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, सांगाडा घालून. पहिला कट्टा आला. तिनं वाकून एक टोक धरलं आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली. "हं बाई!" आणि थांबली. मागे कट्टे साचू लागले. तिनं पुन्हा हाक दिली. शेजारची एक बाई आपला कट्टा ठेवून दोन पावलं पुढे आली, तशी सुपरवायझरनं तिचं नाव मोठ्यानं घेतलं. ती मागे फिरली. तिला मी दोष देत नाही, तिला उद्याही काम हवं होतं. मीही खिडकीत बसलेलाच होतो आणि माझे पाय कुणी बांधले नव्हते. तिसऱ्या हाकेनंतर हंबाईनं टोक सोडलं, सरकगाठ ओढली आणि सांगाडा उतरवून बाहेर गेली.

गेटाजवळच्या कडुलिंबाखाली ती तासभर ब्लेड आणि सुईदोरा घेऊन बसली. मग सांगाडा माझ्या टेबलावर आणून ठेवला. जीन्सचे पट्टे, खांद्याचे बंद, सगळं उसवलेलं होतं आणि जपून ठेवलेले कंपनीचे मूळ पट्टे, बकलं जिथल्या तिथे लावलेली होती. "हे तुमचं तुमाले वापस, बाबूजी. सही घ्या. शिलाई रुखमाची हाय, थे मी घेऊन चालली." कापडाच्या पट्ट्यांची गुंडाळी काखेत मारून ती गेटाबाहेर पडली आणि पुन्हा कधी आत आली नाही.

त्यानंतर थप्पीवर हाक ऐकू आली नाही. एकटीनं एकटीला काय हाक मारायची? पावसाळ्यापर्यंत निम्म्या बायका कंबर धरून घरी बसल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या. मोठ्या ऑफिसचा अहवाल आला, त्यात कामगारांनी उपकरण पूर्णपणे स्वीकारल्याचं म्हटलं होतं. कामगारांनी उपकरण स्वीकारलं की नाही, याचे अहवाल निघतात. उपकरण आणणाऱ्यांनी कामगाराला माणूस म्हणून स्वीकारलं का, याचा मात्र कधी निघालेला मी पाहिला नाही.

ऑफिसच्या दारात त्यांनी तिचा मोठा फोटो लावला. त्या व्हिडिओतलाच. कमरेत वाकलेली हंबाई, हातात कट्टा, तोंड उघडं. खाली लिहिलं आहे, 'आनंदी कामगार, सुरक्षित कामगार'. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं ती हसते आहे. ती हसत नाही, ती रुखमाला हाक मारते आहे. निवृत्त होईपर्यंत मी रोज त्या फोटोखालून आत गेलो आणि रोज मान खाली घातली. जे त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं राहिलं, ते आज इथे लिहितो आहे. उशीर झाला आहे हे मला कळतं.

मध्यंतरी देवळीच्या आठवडी बाजारात ती दिसली. हंबाईच्या घरची विहिरीलगत थोडी जमीन आहे. तिथे दोघी मिळून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि बाजाराला आणून विकतात. मी समोर जाऊन उभा राहिलो. मेथीची एक जुडी घेऊन पिशवीत टाकली. शेवटी म्हणालो, "हंबाई, त्या दिवशी मी लिहायला पाहिजे होतं."

"हो, पाह्यजे होतं," ती म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही, आणि मीही तशी अपेक्षा केली नव्हती. बाजार उठत आला होता. उरलेल्या वांग्यांचं पोतं ऑटोत चढवायचं होतं आणि रुखमा पाणी आणायला गेली होती. पोतं फार मोठं नव्हतं. तिला एकटीला सहज उचलता आलं असतं. मी तसं म्हणालोही.

"उचलते ना. पन उचलत नाई," ती म्हणाली. "धरा तिकडून."

मी पिशवी खाली ठेवली आणि वाकून दोन्ही हातांनी टोक धरलं. सव्वीस वर्षं मी ती हाक खिडकीतून ऐकली होती, समोरून कधी नाही. तिनं पकड घट्ट केली, माझ्याकडे पाहिलं आणि भर बाजारात म्हणाली, "हं बाई!"

मी उचललं.